पहिली जुनी फोर व्हीलर घेताय? मग आधी घरातली माणसं मोजा, गाडी नंतर

पुण्यात गाडी म्हणलं की दुचाकीच. मी साताऱ्याला घरी फोन करून "गाडी बघतोय" म्हणलं तर आई म्हणाली, "आत्ता तर घेतलीस की, तिला काय झालं?" तिच्या डोक्यात स्कूटर. फोर व्हीलर म्हणल्यावर मात्र फोन लगेच स्पीकरवर गेला आणि मागनं आजीचा आवाज, "मला चढायला येईल का रं त्यात?" तोपर्यंत मी रोज रात्री मोबाईलवर अॅव्हरेज, पिकअप, सनरूफ असलं काय काय बघत बसलेलो, आजीच्या गुडघ्याचा विचार कुठंच नव्हता. नंतर जे काय शिकलो ते सगळं त्या एका प्रश्नावरनं सुरू झालं म्हणून इथं लिहून ठेवतोय, ज्यांना साडेतीन-चार लाखात पहिली जुनी गाडी घ्यायचीये त्यांच्यासाठी.

सिग्नलला उभं राहिलं की वाटतं सगळ्या देशाकडंच कार आहे. तसं नाहीये. सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातल्या साधारण साडेसात घरांकडंच कार निघाली, दुचाकी निम्म्या घरांत. गोव्यात शंभरात ४५ च्या आसपास घरांत कार, आपल्या महाराष्ट्रात नऊच्याही खाली. म्हणजे गावाकडच्या भावकीत नाहीतर आळीत कार असलेली घरं दोन नाहीतर तीन, आणि आता त्यात तुमचं एक. मग रात्री दोन वाजता कुणाच्या छातीत दुखायला लागलं की दार तुमचं वाजणार, नवरीला मांडवात आणायला तुमचीच गाडी सजणार, मुलगी बघायला जायचं तर पाच माणसं तुमच्याकडंच. आमच्याकडं आधी ह्या सगळ्याला वडाप होतं, जीपमध्ये चौदा माणसं आणि टपावर दोन, नाहीतर यष्टीची वाट बघायची. आता ते काम तुमच्या गाडीकडं आलं असं समजा आणि त्या हिशोबानंच गाडी निवडा.

तर पहिलं काम, एक कागद घ्या आणि मागच्या वर्षभरात तुम्हाला गाडी लागली असती असे प्रसंग लिहून काढा. ऑफिसला रोज नेणार म्हणून गाडी घेताय असं स्वतःला सांगत असाल तर ते आधी खोडा, कारण ऑफिसला पार्किंग मिळत नाही आणि पंधरा दिवसांत तुम्ही परत स्कूटरवर येता, माझं तसंच झालं. माझ्या कागदावर काय निघालं तर महिन्याला एकदा सातारा, आजीचा डोळ्याचा दवाखाना, वर्षाला पाच-सहा लग्नं, बायकोच्या माहेरी कोकणात गणपती आणि येताना तांदळाची गोणी. ह्यात ताशी १४० नं जायचं काम कुठंच नाही. उंच सीट आणि मोठी डिकी मात्र सगळीकडं.

मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन गाडी बघायला जा. खरंच न्या, लाजू नका. मी आजीला घेऊन गेलो तर कार बाजारातला पोरगा आधी हसला, मग खुर्ची आणून दिली. एका सेडानमध्ये आजी बसायला गेली तर बसली कसली, खाली पडलीच, आणि बाहेर काढताना मी एक हात धरलेला आणि त्या पोरानं दुसरा. शेजारी वॅगनआर उभी होती. तिच्यात आजी आधी पाठ करून सीटला टेकली, मग एकेक पाय आत घेतला, लुगड्याचा काठ सारखा केला आणि म्हणाली, "हितं बरं हाय, पाटावर बसल्यासारखं." झालं, मॉडेल ठरलं.

सीएनजीचं एक. पेट्रोलच्या भावात सीएनजी परवडतं, वाद नाही, पण जुन्या सीएनजी गाडीत टाकीच डिकी खाते. ती तांदळाची गोणी मग कुणाच्या तरी पायाखाली. घ्यायचीच तर कंपनी फिटेड घ्या, आणि बाहेरनं किट बसवलेलं असेल तर आरसी बुकवर (गाडीच्या रजिस्ट्रेशनचा कागद) इंधनाच्या जागी सीएनजीची नोंद आहे का बघा, नसली तर इन्शुरन्सवाला क्लेमच्या वेळी तेच कारण काढतो. सिलेंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी करायची असते, तिची तारीख टाकीजवळच्या प्लेटवर असते, तीपण बघून घ्या.

पैशाचा हिशोब असा धरा की हातात साडेतीन लाख असतील तर गाडी तीन लाखाचीच बघायची. राहिलेले पन्नास हजार कुठं जातात हे कळतसुद्धा नाही, चार टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग, आरटीओ, इन्शुरन्स. आणि महिन्याचं वेगळं. समजा महिन्याला ८०० किलोमीटर फिरली, अॅव्हरेज १६ चं मिळालं तर ५० लिटर पेट्रोल, लिटरला १०५ धरले तरी सव्वापाच हजार झाले. वर टोल, सोसायटीचं पार्किंग, धुणाऱ्याचे पैसे. हे जमत नसेल तर लग्नाला-दवाखान्याला भाड्यानं गाडी करा, स्वस्त पडते, खोटं नाही सांगत. पण गाडी दारात उभी असण्याचं जे काय आहे ते त्या हिशोबात बसत नाही हे मलापण माहितीये. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तिची किंमत ४७-४८ हजार होती आणि तीसुद्धा नंबर लावून घ्यायला लागायची. आधीच्या पिढीनं एवढी वाट बघितली आणि आपण तिसऱ्या दिवशी टोकन देतो.

कुठं घ्यायची? ओळखीच्या माणसाकडं मिळाली तर सोनं. नाहीतर कार बाजार नाहीतर ऑनलाईन. जाहिरातीत "डॉक्टर युज्ड", "लेडी ड्रिव्हन", "सिंगल हँड" असलं लिहिलेलं असतं त्याकडं दुर्लक्ष करा, महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी एवढ्या गाड्या विकल्या असत्या तर दवाखाने बंद पडले असते. आरसीवर ओनर सिरियल नंबर असतो, एक का दोन का तीन, तेवढंच खरं.

बघायला सकाळीच जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर समजा की थंड इंजिन सुरू होताना काहीतरी त्रास देतंय आणि तो त्यांना दाखवायचा नाहीये. थंड गाडी सुरू करायची आणि सायलेन्सरमागं कुणालातरी उभं करायचं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय, अशी गाडी सोडा. पांढरा धूर थंडीत थोडा येतो आणि जातो, पण गरम झाल्यावरसुद्धा दाट पांढरा येत राहिला तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय, हेड गॅसकेटचं म्हणजे इंजिन खोलायचं काम, हीपण सोडा. काळा आला तर पेट्रोल जास्त जळतंय, हे कधीकधी साध्या सर्व्हिसिंगमध्ये सुटतं.

किलोमीटर मागं केलेले असतात हे सगळ्यांनाच माहितीये तरी सगळेच मीटरकडं बघतात. मीटर सोडा, क्लच-ब्रेकच्या पॅडलवरचं रबर बघा. मीटर ३५ हजार दाखवतंय आणि रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंग चकाकतंय, ड्रायव्हरची सीट एका बाजूला दबलीये, असं असेल तर काय ते समजा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. गाडी २०१९ ची, मीटर ३० हजार आणि टायर २०२३ चे, तर मग विचारायचं की बाबा एवढ्या लवकर चारही टायर का बदलले. ऑथोराइज्ड वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्ट्री मागा, तिथं प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पाण्यातली गाडी. मुंबईचा २६ जुलै २००५ चा पाऊस जुना झाला, पण ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं, जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, आणि तेव्हा दारातल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. त्यातल्या बऱ्याच भंगारात गेल्या, पण काही धुऊन-पुसून परत बाजारात येतात. मी एक गाडी बघायला गेलेलो, पांढरी, नवीन सीट कव्हर, आत अत्तराचा असा घमघमाट की डोकं धरलं, किंमत चाळीस हजारानं कमी. बरोबर मेकॅनिक दादा होते, त्यांनी इंजिन बघितलंच नाही. मागच्या सीटवर बसले आणि सीट बेल्ट ओढायला लागले, ओढत ओढत पार शेवटपर्यंत. शेवटची वीतभर पट्टी चॉकलेटी. बोटानं खरवडली तर वाळलेली बारीक माती, नदीच्या गाळासारखी मऊ. बेल्ट सोडला, उठले आणि विकणाऱ्याला फक्त एवढंच म्हणाले, "किती दिवस होती पाण्यात?" तो काय बोलला नाही, आम्हीपण चहा न पिता निघालो. पाण्यातली गाडी आज चालते, पण सहा महिन्यांनी वायरिंग सडतं आणि मग एक दिवस काच खाली होत नाही, एक दिवस लाईट जाते, आणि एका रात्री घाटात बंद पडते. म्हणून बेल्ट ओढाच. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालचा पत्रा बघा, सीटखालच्या रेल्सना गंज आहे का बघा, डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारा. दाराची रबर बीडिंग ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके बघा, कंपनीचे ठिपके एकसारखे गोल असतात, अॅक्सिडेंटनंतर केलेलं काम वेडंवाकडं दिसतं.

मेकॅनिकला पाचशे-हजार देऊन बरोबर न्या. फुकटात नेऊ नका, फुकट आलेला माणूस दोघांनाही चांगलं म्हणतो.

कागदाच्या बाबतीत आपली लोकं एकदम ढिली. "एजंट बघेल" म्हणून सोडून देतात. एजंटकडनं करा हो, मीपण केलं, पण काय चाललंय ते आपल्याला कळलं पाहिजे. नाव ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० लागतात, दोघांच्या सह्या, गाडीवर लोन होतं तर आरसीवरनं बँकेचं नाव काढायला फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र). लोन फिटलं असं तोंडी सांगतील, आरसीवर बँकेचं नाव दिसत असेल तर ते फिटलेलं नाही असंच धरा आणि पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्मवर चॅसी नंबरचा पेन्सिलनं घासून छाप घेतात, तो घेताना स्वतः उभे राहा आणि नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवा. एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की रजिस्ट्रेशनची तारीख, इन्शुरन्स, पीयूसी सगळं दिसतं, ई-चलन वेगळं तपासा, थकलेली चलनं निघाली तर ती विकणाऱ्यानं भरायची हे टोकन देतानाच ठरवा. ऑनलाईन ट्रान्सफरला ओटीपी लागतो, त्यामुळं विकणाऱ्याचा चालू मोबाईल नंबर आरसीला जोडलेला आहे का हे आधीच बघा, नाहीतर तो माणूस दुबईत आणि ओटीपी बंद सिमवर, मग बसा.

नाव लगेच करून घ्या, हे विकणाऱ्याच्याही फायद्याचं आहे. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर रजिस्ट्रेशनवर ज्याचं नाव तोच मालक धरला जाणार, मग त्यानं गाडी कधीच विकलेली असू दे. म्हणजे सह्या करून कोरे फॉर्म देऊन मोकळं होणाऱ्यांनी जरा विचार करावा.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून बरेच जण उडी मारतात. तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांच्या मागं लागलेले म्हणून वयाला आलेल्या गाड्या इकडं यायला लागल्या. पण दुसऱ्या राज्यातली गाडी म्हणजे तिथली एनओसी, इथला टॅक्स, नवीन नंबर, आणि फेऱ्या. पहिल्या गाडीला हा उद्योग नको. आपली एमएच १२ काय, एमएच ११ काय, जी असेल ती. (एमएच १२ वाल्याला कोल्हापुरात आणि एमएच ०९ वाल्याला पुण्यात कसं बघतात हा वेगळा विषय.) खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग करून वाढवायचं, त्यामुळं तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी तो खर्च धरा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलीये का बघा. फास्टॅग आधीच्या मालकाचा बंद करायला लावा आणि स्वतःचा घ्या, नाहीतर तुम्ही तासवडे टोल ओलांडलात की मेसेज त्याला.

इन्शुरन्समध्ये फसायला होतं ते असं. विकणारा म्हणतो इन्शुरन्स आहे की अजून आठ महिने. बरोबर आहे, पण तो त्याच्या नावाचा. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसीपण नावावर करायला अर्ज द्यायचा, नाहीतर तुमची स्वतःची गाडी ठोकली तर तुम्हाला दमडी मिळणार नाही. आणि त्याचा नो क्लेम बोनस (क्लेम केला नाही म्हणून हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तेवढा फरक भरावा लागतो. थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा इन्शुरन्स, सक्तीचा आहे, त्याचे दर जून २०२२ ला ठरले ते असे, १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६, वर जीएसटी. आठ-दहा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स घ्यायचा का नुसता थर्ड पार्टी ह्यावर आमच्या दाजींशी माझा अजून वाद चालू आहे. माझं म्हणणं, गाडी गावाला जाणार आणि चार जण चालवणार असतील तर फुल घ्या.

आणि हे चार जण चालवणारच, ह्याची मानसिक तयारी गाडी घ्यायच्या आधी करायची. गाडी आली की पहिल्या आठवड्यात पूजा होते, हार, नारळ, चारी चाकांखाली लिंबं, आणि त्याच गर्दीत कुणीतरी म्हणतं, "पुढच्या महिन्यात आमच्या बारक्याची सुपारी आहे, गाडी तुझीच हं." तिथंच नियम ठरवा, हसत हसत पण ठरवा. माझा नियम असा आहे की दवाखाना असेल तर कुणालाही, कधीही, विचारायचंसुद्धा नाही, चावी आईकडं असते. बाकी कामाला गाडी मिळेल पण चालवणार मी नाहीतर चुलतभाऊ. तुमच्याशिवाय कुणी चालवणार असेल तर त्याचं लायसन्स डोळ्यांनी बघा, "काढलंय की" हे चालत नाही, बिनलायसनवाल्यानं ठोकली तर इन्शुरन्स हात वर करतो आणि पोलीस तुमच्याकडं येतात. गाडीचे कागद डिजीलॉकरमध्ये ठेवा म्हणजे कुणाकडं पण गाडी असली तरी पीडीएफ पाठवता येते, आरसी कुठंय म्हणून रात्री फोन नको.

पेट्रोलचं कसं करायचं? पैसे मागता येत नाहीत, हे आपलं दुखणं. काका उतरताना पाचशेची नोट काढतात, आपण "राहू द्या ओ काका" म्हणतो, काका नोट परत खिशात घालतात, दोघांनाही बरं वाटतं आणि पेट्रोल आपलं जातं. मी आता निघताना पंपावरच गाडी घेतो आणि गाडीतनं खाली उतरून काचा पुसत बसतो. दहातल्या सात वेळा कुणीतरी पैसे देतं. भाड्यानं मात्र देऊ नका, ओळखीतसुद्धा नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारता येत नाही, ते पिवळ्या पाटीचं काम, आणि भाड्याच्या फेरीत काय झालं तर खाजगी पॉलिसीचा उपयोग नाही.

गावाला ठेवणार असाल तर उंदीर. पडवीत उभी केलेली गाडी आठ दिवस हलली नाही की उंदीर बोनेटमध्ये राहायला येतात आणि वायरी कुरतडतात. आमच्याकडं तंबाखूची पानं फडक्यात बांधून बॅटरीशेजारी ठेवतात, त्यानं थोडा फरक पडतो, पण खरा उपाय म्हणजे दोन दिवसाआड घरच्या आबांनी गाडी सुरू करून आळीतनं एक चक्कर मारणे. आबांनापण तेच पाहिजे असतं.

पहिल्या प्रवासाला घाई करू नका. मी पहिल्यांदा घरच्यांना घेऊन साताऱ्याला निघालो तर पाच माणसं, डिकी भरलेली, एसी फुल, आणि खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा वर. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या, गिअर खाली आणला, काटा आला जागेवर. मागून आजी म्हणाली, "हां, आता वारं यायलं." चढताना दम लागतो तो असा कळतो, उतरताना कळत नाही आणि धोका तिथंच असतो. आंबोली असो, आंबा असो, वरंधा असो, जो घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरायचा, न्यूट्रलवर कधीच सोडायची नाही, पेट्रोल वाचतं म्हणून मोठी माणसं सांगतील तरी नाही. ब्रेक सारखे दाबून तापतात आणि ऐन वळणावर पॅडल मऊ लागतं. समोरनं चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्यानं थांबून वाट द्यायची. गणपतीला कोकणात जाणार असाल तर टोलमाफीचा पास निघतो का ते आठवडाभर आधी बघा, पास आरटीओत नाहीतर पोलीस चौकीत मिळतो, आणि निघायचं पहाटे तीनला, पाचला निघालात की सगळी मुंबई तुमच्या पुढं.

आणि निघायच्या आदल्या दिवशी पंपावर हवा भरताना दारातला स्टिकर बघून जेवढी लिहिलीये तेवढीच भरा, पाच माणसं आणि सामान असेल तर त्याचा आकडा स्टिकरवर वेगळा दिलेला असतो. चार चाकं झाली की हवावाला पोरगा पाईप गुंडाळायला लागतो, त्याला थांबवा, डिकीतलं सामान बाहेर काढा आणि स्टेपनीतपण भरून घ्या.